चौतीस घरं आणि बाराशे पेट्या

हे प्रकरण कशाचं

जळगाव जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत लोखंडी पत्र्याच्या पेट्या बनवणारा एक लहान कारखाना आहे. त्या पेट्यांत काडतुसं भरली जातात आणि पेट्या सैन्याकडे जातात. २०२२ च्या उन्हाळ्यात या कारखान्याचा बाराशे पेट्यांचा लॉट तपासणीत नापास झाला. पुढे वर्षभरात नवी ऑर्डर आली ती निम्म्याहून कमी. तेव्हा कामावर चौतीस माणसं होती. दोन्ही वेळा गावात एकच मागणी झाली, ‘इथल्या लोकांचा रोजगार वाचवा.’

पहिल्या वेळी ती मागणी मीच निवेदनात उतरवली. या भागातल्या लहान कारखान्यांच्या निविदा, बिलं आणि कर्जाची कागदपत्रं मी बघतो, त्यामुळे ते काम आपसूक माझ्याकडे आलं. ते निवेदन तसं लिहायला नको होतं, असं माझं आजचं ठाम मत आहे. संरक्षणाचा पैसा सैन्याच्या गरजेसाठी खर्चायचा की गावातल्या चुली पेटत्या ठेवण्यासाठी, हा प्रश्न पेपरात वाचताना सोपा वाटतो. ओळखीच्या चौतीस माणसांसमोर बसून उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तो सोपा राहिला नाही.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. खरेदी करणारा सरकारी कारखाना खानदेशातला की बाहेरचा, हेही मुद्दाम सांगत नाही. मालकांना सगळे आप्पा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो.

पार्श्वभूमी

खानदेशाला संरक्षण उत्पादन नवं नाही. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. ‘फॅक्टरीत लागला’ एवढं म्हटलं की आमच्याकडे मुलाचं लग्न जमायचं. आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये जे टर्नर, फिटर, वेल्डर दिसतात, त्यातल्या कित्येकांनी हात साफ केला तो या कारखान्यांच्या ॲप्रेंटिसशिपमध्ये किंवा तिथून निवृत्त झालेल्या एखाद्या कामगाराच्या हाताखाली.

१ ऑक्टोबर २०२१ ला ही घडी बदलली. आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि देशातल्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, भुसावळ यंत्र इंडियाकडे. विजय केळकर समितीने कंपनीकरणाची शिफारस २००० च्या दशकातच केली होती, त्यामुळे हे अचानक घडलं असं म्हणता येत नाही. कामगार संघटनांनी ऑगस्ट २०१९ मध्ये देशभर संप केला. २०२१ मध्ये अत्यावश्यक संरक्षण सेवांमधल्या संपाला बंदी करणारा कायदा आला. संघटनांचं म्हणणं कामगारांच्या भविष्याबद्दल होतं, सरकारचं म्हणणं कार्यक्षमतेबद्दल. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं आणि दोघे एकमेकांचं ऐकत नव्हते.

सैन्याच्या तक्रारीही हवेतल्या नव्हत्या. २०१५ च्या कॅगच्या अहवालात दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा तीव्र लढाईच्या दहा दिवसांनाही पुरणारा नाही, असं नोंदलं होतं. २०२० मध्ये सैन्याचा एक अंतर्गत अहवाल बातम्यांमधून बाहेर आला. २०१४ ते २०२० या काळात सदोष दारूगोळ्यामुळे ९६० कोटी रुपये वाया गेले आणि तेवढ्या पैशांत १५५ मिमीच्या शंभर तोफा आल्या असत्या, असा त्यात हिशेब होता. मंडळाने तो आरोप मान्य केला नाही, अपघातांना इतरही कारणं असतात असं उत्तर दिलं. त्या वादात कोण किती खरं, याचा निवाडा मी करणार नाही. पण पेटी बनवणाऱ्या माणसाने तो वाचलेला असावा, एवढं नक्की.

कंपन्या झाल्या तेव्हा सैन्याच्या प्रलंबित मागण्यांचं रूपांतर करारांत झालं. त्यांची एकूण किंमत ६५ हजार कोटींच्या वर होती. म्हणजे मोठ्या कारखान्यांना सुरुवातीची काही वर्षं टेकू मिळाला. त्यांना पेट्या, झाकणं, कड्या, लाकडी खोकी पुरवणाऱ्या आप्पांसारख्यांसाठी असा टेकू कुठल्याच कागदावर नव्हता. कंपनी झाल्यावर खरेदी विभाग भाव जास्त घासू लागला, तपासणी कडक झाली आणि ऑर्डर लहान लहान तुकड्यांत येऊ लागल्या. आप्पांचं ऐंशी टक्के काम या एकाच गिऱ्हाइकाचं होतं.

अडचण

लॉट नापास झाल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. मे महिना, पत्र्याचं छप्पर, बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. आप्पांनी तपासणीच्या नमुन्यातून परत आलेल्या पेट्यांपैकी एक उचलली, झाकणाची कडी दाबून बसवली आणि पाण्याच्या टाकीत बुडवली. वर येऊ नये म्हणून तिच्यावर दोन लोखंडी ठोकळे ठेवले. सुरुवातीला पत्र्याला चिकटलेली हवा सुटली, पाणी शांत झालं. मग मागच्या कोपऱ्यातून, मुठीच्या जरा खाली, मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक वर येऊ लागले. ते थांबले नाहीत. आप्पा काही बोलले नाहीत. शेडमधल्या मोठ्या पंख्याचा आवाज तेवढा चालू होता.

हवा बाहेर येते तिथून दमट हवा आतही जाते. काडतुसातल्या दारूला ओल लागली की ती सारखी जळत नाही, गोळीचा वेग कमी-जास्त होतो, कधी काडतूस पेटतच नाही. पेटी एखाद्या डेपोत वर्षानुवर्षं पडून राहते, मग ईशान्येच्या पावसात किंवा लडाखच्या थंडीत उघडली जाते. उघडणाऱ्याला कोपऱ्यातलं छिद्र दिसत नाही.

नमुन्याला काढलेल्या पन्नास पेट्यांपैकी सात गळक्या निघाल्या होत्या. अटींप्रमाणे अख्खा लॉट नापास. कारण शोधायला त्या दिवशी कुणी बसलं नाही. बँकेचं कॅश क्रेडिट मर्यादेला टेकलेलं, पत्र्याच्या व्यापाऱ्याचं देणं थकलेलं, आणि शनिवारी पगार. सगळ्यांच्या डोक्यात एकच, हा लॉट काहीही करून पास व्हायला हवा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे लोकप्रतिनिधींकडे जायचं. लॉट दोष असूनही सवलतीखाली स्वीकारावा आणि पुढच्या ऑर्डरी स्थानिक कारखान्यांसाठी राखून ठेवाव्यात, असं पत्र मिळवायचं. दुसरा, लॉट परत आणून सगळ्या पेट्या तपासायच्या, गळक्या दुरुस्त करायच्या, उशिराचा दंड सोसायचा. करारात दर आठवड्याला अर्धा टक्का दंड होता. तिसरा, संरक्षणाचं काम सोडून शेतीच्या नि रेल्वेच्या फॅब्रिकेशनकडे वळायचं.

तिसऱ्यावर पाच मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही. दुसरा महाग वाटला. पहिला फुकट वाटला. इथेच आमची पहिली चूक झाली. फुकटच्या पर्यायाची किंमत वेळ देऊन मोजावी लागते, हे मला माझ्या धंद्यामुळे तरी माहीत असायला हवं होतं.

मी निवेदन लिहिलं. ‘चौतीस कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचा विचार करून’ अशी सुरुवात केली. रावेर-यावलच्या केळीवर करपा येतो, कापसाचा भाव पडतो, शेतीतून बाहेर पडलेल्या पोरांना इथे काम मिळतं, नाहीतर ती सुरतला जातात, हे सगळं त्यात होतं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. गळक्या पेट्यांबद्दल मात्र एकच ओळ होती, ‘किरकोळ तांत्रिक त्रुटी’.

शेडमध्ये ते वाचून दाखवलं. बहुतेकांनी माना डोलावल्या. सर्वांत जुने वेल्डर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, तेवढे म्हणाले, ‘‘पेटी आपलीच नापास व्हयनी, मंग अर्ज कोनावर करतस?’’ कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. सह्या झाल्या.

पहिली कृती आणि तिचं फळ

लोकप्रतिनिधींनी अर्ध्या दिवसात पत्र दिलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आम्ही जे मागितलं ते त्यांनी दिलं. पत्र वर गेलं, वरून खाली आलं, आणि खाली आल्यावर फाइल जागेवर थांबली. दबावाचं पत्र जोडलेली फाइल कुठलाच अधिकारी स्वतःच्या सहीने पुढे ढकलत नाही. जी सवलत खात्यातल्या खात्यात कदाचित विचारात घेतली गेली असती, तिच्यावर आता लेखी अभिप्राय मागवले गेले. आठ आठवडे गेले. शेवटी उत्तर आलं तीन ओळींचं. हवाबंदपणाच्या अटीत सवलत देता येत नाही.

त्या आठ आठवड्यांत पेट्या खरेदीदाराच्या आवारात ऊन-पाऊस खात पडून होत्या. दंडाचा मीटर चालू होता. पगार दोनदा लांबला. दोन हेल्पर उचल न फेडता निघून गेले, आणि त्यांना नावं ठेवायला कुणाची जीभ उचलली नाही.

हे उत्तर हातात घेऊन मी २०१२ चा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी आदेश पुन्हा वाचायला घेतला. तो मी आधी अनेकदा वापरला होता, पण फक्त आपल्या फायद्याची कलमं बघून. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वार्षिक खरेदीतला ठरावीक वाटा लहान उद्योगांकडून घ्यायचा, असं तो सांगतो. २०१८ मध्ये तो वाटा २० वरून २५ टक्के झाला. लहान उद्योगाचा भाव सर्वांत कमी भावापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याला तो कमी भाव स्वीकारून कामाचा भाग घ्यायची संधी मिळते. पूर्वीच्या अनुभवाची आणि उलाढालीची अटही शिथिल करता येते. पण गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तरच.

म्हणजे रोजगाराला, लहान माणसाला जागा द्यायची सोय कायद्यात आहे. ती निविदेच्या दारात आहे, भावात आहे, अनुभवाच्या अटीत आहे. तपासणीच्या टाकीत ती नाही. आम्ही नेमकी तिथे ती मागायला गेलो.

दुसरी कृती

जुलैअखेर लॉट परत आणला. गाडीभाडं आप्पांनी पदरमोड करून दिलं. बाराशेच्या बाराशे पेट्या एकेक करून टाकीत बुडवल्या. दीडशेच्या आसपास गळक्या निघाल्या. त्या खडूने खुणा करून दोन ढिगांत वेगळ्या केल्या, तेव्हा नानांच्या लक्षात आलं की दोष एक नसून दोन आहेत.

एका ढिगातल्या पेट्या कोपऱ्यातल्या सांध्यात गळत होत्या. सीम वेल्डिंगच्या, म्हणजे पत्र्याचे सांधे सलग रेषेत जोडणाऱ्या, मशीनचं तांब्याचं चाक झिजलं होतं. झिजलेल्या चाकाचा दाब एका बाजूला कमी पडतो, वरून सांधा गुळगुळीत दिसतो आणि आतून पत्रा धरलेला नसतो. ते चाक दोन महिन्यांपूर्वीच बदलायला हवं होतं. पैसे अडकले म्हणून पुढे ढकललं होतं.

दुसऱ्या ढिगातल्या पेट्या झाकणाला गळत होत्या. सांधे ठीक होते, रबरी पट्टी कडक झाली होती. पट्टीचे गठ्ठे शेडच्या पोटमाळ्यावर, तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेले होते. मार्च ते मे ती तिथे भाजून निघाली. बोटाने दाबली तर खळगा पडायचा आणि तो तसाच राहायचा, परत भरून यायचा नाही. अशी पट्टी झाकणाला बसते, पण कडी दाबल्यावर फटीत भरत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात रबर कुठे ठेवायचं हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, कारण आधी माल महिन्याभरात निघून जायचा. ऑर्डरी तुकड्या-तुकड्यांत येऊ लागल्यापासून पट्टी पडून राहू लागली होती.

तपासणी कडक झाली म्हणून आम्ही कुरकुरत होतो. मुळात खरेदीची पद्धत बदलली होती आणि आमची साठवणुकीची पद्धत तीच राहिली होती. हे आम्हाला आधी दिसायला हवं होतं, आणि ऑर्डर तुकड्यांत देण्याची किंमत काय पडते हे खरेदीदारालाही कुणीतरी सांगायला हवं होतं. उदरनिर्वाहाच्या निवेदनात या दोन्ही गोष्टी मावत नव्हत्या.

चाक नवं आणलं. पट्टी विटांच्या खोलीत, खाली, अंधारात ठेवायला लागलो, गठ्ठ्यावर तारीख टाकून. सप्टेंबरमध्ये लॉट पास झाला. दंड, गाडीभाडं आणि दुरुस्ती मिळून त्या ऑर्डरीतला नफा पूर्ण पाण्यात गेला.

खरा प्रश्न त्यानंतर आला

२०२३ मध्ये नवी ऑर्डर आली ती निम्म्याहून कमी पेट्यांची. या वेळी माल निर्दोष होता, दोष कुणाचाच नव्हता. त्या प्रकारच्या पेटीची गरजच कमी झाली होती. वेष्टनाची रचना बदलत होती. मग आता गावाने काय म्हणायचं? सैन्याला नको असलेली पेटी आमच्या पगारासाठी घ्या?

अमेरिकेतलं एक उदाहरण तेव्हा मी वाचलं होतं. २०१२ च्या सुमारास तिथल्या सैन्याने अब्राम्स रणगाड्यांचं काम काही वर्षं थांबवायचं ठरवलं, आणखी रणगाडे नकोत असं सेनाप्रमुखांनी सांगितलं. ओहायो राज्यात लायमा इथे त्यांचा कारखाना आहे. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तरीही पैसे मंजूर केले. नोकऱ्या हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की ही कुशल माणसं एकदा पांगली की युद्धाच्या वेळी परत गोळा करता येणार नाहीत. पहिल्या कारणासाठी रणगाडा घेणं मला पटत नाही. दुसऱ्याचा विचार करावाच लागतो. २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात मोठमोठ्या देशांना तोफगोळे पुरेसे बनवता येईनात, कारण शांततेच्या काळात त्यांनी उत्पादनाची ताकदच आटवून टाकली होती. तयार हात आणि चालू मशीन ही सैन्याचीच गरज आहे. फक्त ती सैन्याने मोजून, लिहून मागितली पाहिजे. गावाने ‘आमचं पोट’ म्हणून मागितली की ती दया होते.

भारताच्या २०२५-२६ च्या संरक्षण अर्थसंकल्पात ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले १.६० लाख कोटींहून अधिक निवृत्तिवेतनासाठी होते, भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी होते. आधुनिकीकरणाच्या रकमेतला ७५ टक्के वाटा देशी उद्योगांसाठी ठेवला होता, हे चांगलंच. पण नको असलेल्या पेटीवर गेलेला रुपया संरक्षणाच्या एकूण रकमेतूनच कमी होतो. चौतीस माणसांना दुसरं काम शिकवायचा खर्च कौशल्य विकास आणि कामगार खात्याने करावा. तो त्यांचाच खर्च आहे.

दुसऱ्या वेळी मी जे पत्र लिहिलं त्यात तीन मागण्या होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या गरजेचा ढोबळ अंदाज पुरवठादारांना द्यावा. एखादी वस्तू बंद होणार असेल तर किमान वर्षभर आधी कळवावं. नव्या वेष्टनाचे नमुने बनवून दाखवायची संधी जुन्या, पास झालेल्या पुरवठादारांना द्यावी. सोबत सप्टेंबरच्या लॉटचा तपासणी अहवाल जोडला. चौतीस कुटुंबांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता, तोही मनुष्यबळ आणि त्यांची कौशल्यं या मथळ्याखाली: किती वेल्डर, किती वर्षांचा अनुभव, सीम वेल्डिंग किती जणांना येतं.

काय झालं

तिसरी मागणी अर्धी मान्य झाली. नव्या पेटीचे नमुने आप्पांनी दिले, दुसऱ्या खेपेला ते पास झाले. पहिल्या दोन मागण्यांचं उत्तर ‘नोंद घेतली’ एवढंच आलं.

कामावर आज एकवीस जण आहेत. तेरा जण गेले. काही चाकणला, काही सुरतला, तिघी केळीच्या पॅकहाउसमध्ये. रंगकाम करणाऱ्या ताईंचा हात इतका स्थिर होता की लॉट नंबरचे स्टेन्सिल त्या एकट्याच मारायच्या. आता त्या केळीच्या खोक्यांवर लेबल लावतात. पगार कमी आणि काम हंगामी. पर्याय योग्य निवडला म्हणून त्यांचं नुकसान कमी होत नाही, आणि हे मी प्रत्येक वेळी सांगतो.

संरक्षणाचं काम आता आप्पांच्या एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आहे. बाकी ठिबकच्या फिल्टरचे सांगाडे, पॅकहाउसची टेबलं, थोडं रेल्वेचं. ज्या तिसऱ्या पर्यायावर आम्ही पाच मिनिटंही बोललो नव्हतो, त्यानेच एकवीस जणांचं काम राखलं.

पुन्हा वेळ आली तर

नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉट परत आणायचा, हे पहिलं. दुरुस्ती चालू ठेवून सवलत मागता आली असती. आम्ही एकाच्या बदल्यात दुसरं केलं. आठ आठवडे वाचले असते तर ते दोन हेल्पर गेले नसते.

स्वतःची टाकी आधीपासून वापरायची. ती शेडमध्ये होती, पण प्रत्येक लॉटमधल्या दहाच पेट्या तिच्यात जायच्या. आता प्रत्येक पेटी जाते.

एका गिऱ्हाइकाकडे ऐंशी टक्के काम जाऊ लागलं तेव्हाच, म्हणजे ऑर्डरी भरपूर होत्या तेव्हाच, दुसरं काम शोधायला हवं होतं. मी दरवर्षी आप्पांचा ताळेबंद बघत होतो. हे मी सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

आणि नानांचा प्रश्न. सह्या होण्याआधी तो कुणीतरी पुन्हा मोठ्याने विचारायला हवा होता.

गेल्या महिन्यात चारशे नव्या पेट्यांची निविदा निघाली. आप्पांनी भाव भरला आहे. काम मिळालं तर स्टेन्सिल मारायला माणूस लागेल. ताईंना आत्ताच निरोप द्यावा का, असं त्यांनी मला विचारलं. चारशे पेट्यांचं काम फार तर अडीच महिन्यांचं, आणि तेवढ्यात केळीचा हंगाम उलटून जाईल. पुढे किती पेट्या लागतील ते आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून निरोप अजून दिलेला नाही.